सोलापुरात घरच्या घरी जुनी पद्मिनी पुन्हा उभी करताना

जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असं घरात ठरलं की पहिली चर्चा रंगाची सुरू होते. मूळचाच ठेवायचा की बदलायचा, बंपर कुठे चमकवून मिळतील, सीटला रेक्झिन कुठलं घ्यायचं. माझं ठाम मत याच्या अगदी उलट आहे. जुनी गाडी खालून वर आणि आतून बाहेर उभी करायची असते. आधी कागद, मग पत्रा, मग ब्रेक आणि चाकं, मग इंजिन. रंगाचा नंबर त्यानंतर, आणि रंगानंतर फक्त जोडणी. हा क्रम मोडला तर नव्या रंगावर वेल्डिंगच्या ठिणग्या पडतात, आणि एकदा केलेल्या कामाचे पैसे पुन्हा मोजावे लागतात.

या लेखात मी प्रीमियर पद्मिनी डोळ्यांसमोर ठेवली आहे. आपल्याकडे आजही तिला सगळे ‘फियाट’च म्हणतात. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि बहुतेक गाड्यांत गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. घरी शिकत शिकत काम करायला याहून चांगली गाडी मला माहीत नाही. बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं. शिवाय तिचं आपल्या गावाशी नातं आहे. ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली, ती कंपनी १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी काढली, आणि वालचंदांचा जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. अँबेसेडर किंवा जुनी जीप हाताशी असेल तरी पुढचं बहुतेक सगळं तसंच लागू पडेल. फक्त मापं त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

सोलापूरचं वर्ष ध्यानात घेऊन काम आखा

पुण्या-मुंबईच्या गाडीपेक्षा सोलापूरच्या गाडीचं दुखणं वेगळं असतं. इथली हवा कोरडी, म्हणून गंज तुलनेने कमी. पण उन्हाने रबर तडकतं, डॅशबोर्ड फुटतो, वायरींचं वेष्टन कडक होऊन गळून पडतं, आणि धूळ सगळीकडे शिरते. म्हणून इथे उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा बऱ्याचदा वाचलेला असतो आणि रबराची एकही वस्तू वाचलेली नसते. खर्चाचा अंदाज बांधताना हे धरून चाला.

कामाची आखणी मी अशी करीन. गुढीपाडव्याच्या आसपास गाडी उघडायला घ्या. एप्रिल-मे मध्ये गाडी मोकळी करणं आणि पत्र्याचं काम. ऊन ४२-४३ अंशांवर जातं, तेव्हा सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी काम करायचं. पण हवा कोरडी असल्याने उघडा पत्रा लगेच गंजत नाही, हा मोठा फायदा आहे. मृगाचा पाऊस यायच्या आत सगळ्या उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर बसलाच पाहिजे. पावसाळ्याचे महिने शेडखाली टेबलावर बसून करायच्या कामांचे: ब्रेक, इंजिन, कार्बोरेटर, वायरिंग. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत रंग. संक्रांतीच्या सुमाराच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या दिवसांत कारागीर हाताशी नसतील असंच धरून चाला आणि रंगाची तारीख त्याआधीची ठरवा. फेब्रुवारीत जोडणी आणि चाचणी, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याआधी गाडी तपासून होते. नोकरी सांभाळून करणाऱ्याला हेच चक्र दोन वर्षं चालेल. त्यात काही वावगं नाही.

पाना हातात घेण्याआधी कागद

आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा. नंबरावर रंग-गंज असेल तर तो हलक्या हाताने पेट्रोल आणि ब्रशने काढा. तिथे ग्राइंडर कधीही लावू नका. पुसट झालेला नंबर पुढे आरटीओत फार डोकेदुखी ठरतो.

गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. विकत घेतलेल्या गाडीसाठी फॉर्म २९ आणि ३०, हरवलेल्या आरसीसाठी फॉर्म २६. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करायचं, आणि त्यासोबत पर्यावरण कर. जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाची फी गेल्या काही वर्षांत वाढली आहे, म्हणून थकीत रकमेसह पूर्ण आकडा परिवहनच्या संकेतस्थळावर पाहूनच गाडीवर किती खर्च करायचा ते ठरवा. उच्च सुरक्षा नंबर प्लेट एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही लागते.

५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. रविवारी सहकुटुंब अक्कलकोटला जायचं स्वप्न असेल तर साधी नोंदणीच जपून ठेवा.

जागा आणि हत्यारं

गाडीच्या चारही बाजूंनी माणूस वाकून बसू शकेल इतकी सपाट फरशीची जागा लागते. पत्र्याच्या शेडला बाजूने जुनी ताडपत्री लावली की वाऱ्याची धूळ बरीच अडते. वेल्डिंग घरी करणार असाल तर वायरमन बोलावून अर्थिंग आणि मंजूर भार आधी तपासून घ्या.

हत्यारांत गोटीचा एक चांगला सेट, रिंग पाने, टॉर्क रेंच, फीलर गेज, मल्टिमीटर, दोन टनांचा जॅक आणि चार घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड). घोड्यांवर पैसे वाचवू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, एका मिनिटासाठीसुद्धा, जायचं नाही. विटा किंवा सिमेंटचे ठोकळेही चालत नाहीत. ते न सांगता फुटतात.

पुसायला गिरणीतल्या टॉवेलच्या चिंध्या आपल्याकडे मुबलक. बाहेरचा रंग पुसायला त्या उत्तम, पण कार्बोरेटर, ब्रेक सिलिंडर आणि बेअरिंगजवळ त्या आणू नका. टॉवेलचा एक तंतू जेटमध्ये अडकला तर गाडी का झटके देते ते शोधण्यात आठवडा जातो. तिथे जुनी, धुतलेली सुती धोतरं वापरा.

गाडी उघडताना

बॅटरी काढा, पेट्रोल काढून टाका, मग सुरुवात करा. प्रत्येक भाग काढण्याआधी दोन फोटो: एक लांबून, एक जवळून. बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याच भोकात परत सैल लावून ठेवला तर निम्मी शोधाशोध वाचते. जिथे ते शक्य नाही तिथे पिशवी आणि वर चिठ्ठी. गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जोर लावून तुटलेला बोल्ट काढायला अर्धा दिवस लागतो, तेलाला फक्त एक रात्र.

तुटलेला, झिजलेला, कामातून गेलेला भाग फेकायचा नाही. यंत्रमागांमुळे सोलापुरात लेथवर बसून मापात वस्तू घडवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले आहेत. बुश, पिन, स्पेसर, आटे गेलेला स्टड, अशा वस्तू जोडभावी पेठेपासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत कुणीही जाणता कारागीर बनवून देऊ शकतो. फक्त नमुना हवा. आता तर नमुन्याची किंमत आणखी वाढली आहे. मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर कायमची बंद झाली, आणि या गाडीच्या सुट्या भागांचा बाजार मोठ्या प्रमाणात त्या टॅक्सींवरच चालत असे. किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) सेट, व्हील सिलिंडर, वॉटर पंप, काचेची रबरं असं काही चांगल्या स्थितीत दिसलं तर आज गरज नसली तरी घेऊन ठेवा.

पत्रा

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथे जातो, आणि तो जायलाच हवा. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळ, दाराखालचे उंबरे, खांब आणि छप्पर मिळून एकच पेटी आहे, आणि तीच सगळा भार पेलते. त्यामुळे उंबरा गंजला की गाडीचा कणाच कमकुवत होतो. वरून लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरून तो झाकणं म्हणजे आतल्या माणसांच्या जिवाशी खेळ.

कुठे पाहायचं? पायाखालच्या चटया उचलून तळ. दाराखालचे उंबरे, आतून आणि बाहेरून. बॅटरीखालचं तबक, कारण तिथे ॲसिड सांडतं. डिकीचा तळ. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला बांधले जातात ते कोपरे. दारांच्या खालच्या कडा, जिथे काचेवरून आत गेलेलं पाणी साचतं. पुढच्या मडगार्डचा मागचा खालचा भाग, जिथे माती अडकून बसते. स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने ठोकत जा. घट्ट पत्रा टणटण वाजतो, लांबीखालचा पत्रा दबका. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे खाली लांबी किंवा फायबर आहे.

जुना रंग कोरडा घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं. पाणी मारून वॉटर पेपरने घासा किंवा रंग उतरवायचं केमिकल वापरा, आणि चांगला मास्क लावा. मोठ्या सपाट पत्र्यांवर, म्हणजे बॉनेट, छप्पर, दारं यांवर सँडब्लास्टिंग करवू नका; उष्णतेने आणि माऱ्याने पत्रा लाटालाटांचा होतो. चाकाच्या डिश, सस्पेन्शनचे दांडे अशा जाड भागांना ते ठीक.

छोट्या गंजलेल्या भागांसाठी घरी करता येईल असा एक फार उपयोगी उपाय आहे. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, एका बाजूला साध्या लोखंडाचा तुकडा बॅटरी चार्जरच्या प्लसला आणि गंजलेला भाग मायनसला. काही तासांत गंज सैल होऊन निघतो आणि चांगलं लोखंड शाबूत राहतं. हे उघड्यावरच करा, कारण हायड्रोजन सुटतो. जवळपास विडी-काडी नको. प्लसला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या गावात एकच टब भरून त्यात एकामागून एक भाग टाकत जाणं सोयीचं.

आता कापाकापी. उंबरा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी-तिरकी लोखंडी पट्टी वेल्ड करून ती बांधून घ्या, नाहीतर चौकट फाकते आणि दार पुन्हा कधी नीट बसत नाही. एका वेळी एकच बाजू उघडा. दर टप्प्याला दार लावून पाहा. गंजलेला भाग स्वच्छ, चमकदार पत्रा लागेपर्यंत कापायचा; अर्धवट गंजावर वेल्ड धरतच नाही. तळाला २० गेजचा आणि उंबऱ्याला १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, बिनमुलाम्याचा) पत्रा वापरा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा सहज मिळतो म्हणून घेऊ नका. वेल्ड करताना त्यावरच्या जस्ताचा धूर अंगाला बाधतो. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा फार तापतो आणि वाकतो, म्हणून सीओटू (तार आणि वायूची) वेल्डिंग करणारा कारागीर शोधा. त्याला सांगा की सलग रेघ ओढू नको. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मध्ये थंड होऊ दे. वेल्डिंगआधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर असल्याची खात्री पुन्हा एकदा करा.

हे काम स्वतः शिकायचं असेल तर आधी भंगारातल्या पत्र्यावर हात बसवा. नसेल तर कारागिराला घरी बोलावून समोर करून घ्या. गाडी गॅरेजात महिनोन्‌महिने सोडण्यापेक्षा हे बरं, आणि प्रत्येक सांधा कसा भरला ते डोळ्यांनी पाहता येतं.

सांधे झाले की लगेच इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीम सीलर, आणि उंबऱ्याच्या पोकळीत मेणासारखं गंजरोधक. पाणी जायची मूळ भोकं बुजवू नका. लांबी ही फक्त शेवटच्या बारीक लाटा भरायला, ३ मिमीच्या आत. आणि हे लक्षात ठेवा: सरफेसर (रंगाआधी मारायचा, घासून समतल करायचा थर) आणि लांबी पाणी शोषतात. नुसता सरफेसर मारलेली गाडी पावसात उभी राहिली की वर्षभरात रंगाला फोड येतात. इपॉक्सी प्रायमर मात्र पाणी अडवतो, म्हणून पावसाळा त्याच्या भरवशावर काढायचा.

ब्रेक, पाटे आणि पुढची चाकं

बरीच वर्षं उभ्या गाडीच्या ब्रेकमधलं काहीही जुनं वापरू नका, मग ते कितीही ठीक दिसो. मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांच्या व्हील सिलिंडरची किट, सगळे रबरी होज, आणि गंजलेल्या नळ्या बदला. सिलिंडरच्या आत बोटाला खड्डे लागले तर होनिंग (आतून घासून गुळगुळीत) करून उपयोग नाही; नवा घ्या किंवा जाणत्या लेथवाल्याकडून आत बाही बसवून घ्या. ड्रमच्या आतली धूळ कधीही हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं बंद पिशवीत टाका.

ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, सील बंद डब्यातलं. ते हवेतली ओल ओढतं, म्हणून फोडलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवायचा नाही. साधं इंजिन ऑइल चुकूनही नको. रबरं फुगून ब्रेक जाम होतात. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. शेवटी पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरा. ते तसूभरही खाली गेलं तर कुठेतरी गळती आहे.

पुढचं चाक हवेत उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनचा. ही साधी परीक्षा विनाकारण होणारा मोठा खर्च वाचवते. मागचे पाटे सुटे करून गंज काढा, ग्रीस लावा, बुश नवे टाका. टायर मात्र खोल नक्षी दिसली तरी तारीख बघूनच ठेवा. बाजूच्या चार आकड्यांत आधी आठवडा, मग वर्ष असतं. ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा.

इंजिन: उघडायचं की नाही?

इंजिन जाम असेल तर सेल्फ मारून ते फिरवायचा प्रयत्न करू नका. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल सोडा, चार-आठ दिवस मुरू द्या, मग पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून मागे-पुढे हळू हलवत राहा. सुटेल तेव्हा अचानक न सुटता हळूहळू सुटतं.

फिरायला लागलं की कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) तपासा. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या किती जवळ आहेत ते महत्त्वाचं. एखादा फार खाली असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा तपासा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, नाही चढला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. चौघेही समान असतील आणि तेलाचा दाब ठीक असेल तर इंजिन उघडू नका. ‘आता काढलंच आहे तर सगळं नवं करू’ हा मोह चांगल्या इंजिनांना फार नडतो. कारखान्यात बसलेली मूळ बैठक पुन्हा तशीच आणणं सोपं नसतं.

उघडायचंच असेल तर दोन गोष्टी सांभाळा. हेड (इंजिनचं वरचं झाकण) ॲल्युमिनियमचं आहे. ते पूर्ण थंड असतानाच, नट थोडे थोडे सैल करत काढा, आणि सपाट पट्टी व फीलर गेजने वाक तपासून गरज असेल तितकंच फेसिंग (घासून सपाट) करा. आणि बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवायचा असेल तर आधी पिस्टन मिळवा, मग बोअर करा. आधी बोअर करून नंतर पिस्टन शोधणाऱ्यांचे ब्लॉक तसेच कोपऱ्यात पडून राहतात. लेथवाल्याच्या हातात प्रत्यक्ष पिस्टन द्या, तो त्यावर माप घेईल.

सोलापूरच्या उन्हात या गाडीची खरी परीक्षा कूलिंगची. बोअरवेलच्या जड पाण्याने ब्लॉकच्या आतल्या वाटा पांढऱ्या थराने बुजलेल्या असतात. ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या टोप्या काढून आत तारेने खरवडा, रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्या सळईने साफ) करून घ्या, आणि यापुढे फक्त डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) आणि कूलंट. गाडी तापते म्हणून काढून टाकलेला थर्मोस्टॅट बऱ्याच गाड्यांत गायब सापडेल, नवा बसवा. दुखणं बुजलेल्या रेडिएटरचं असतं आणि शिक्षा थर्मोस्टॅटला होते.

टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत

पंपावर आता २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं, आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुनं रबर खातं आणि ओल धरून ठेवतं. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी पाइप ई-२० चालणारा घ्या, पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटरची पूर्ण किट बदला, आणि मध्ये पारदर्शक फिल्टर लावा. रबर कुठे विरघळत असेल तर आधी तिथे काळपट कचरा दिसेल.

टाकी आतून गंजली असेल तर सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने धुवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने, मग ताबडतोब कोरडी करा. टाकीला भोक असेल तर एक गोष्ट कळकळीने सांगतो: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आतली वाफ स्फोट करते. घरी तिच्यावर वेल्डिंग करू नका. हे काम नेहमी करणाऱ्याकडेच द्या.

मे महिन्यात गाडी गरम असताना थांबवली आणि मग सुरूच होईना, तर बहुतेक वेळा पेट्रोलची पंपातच वाफ झालेली असते. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब वळवा आणि मध्ये पत्र्याचा एक आडोसा द्या.

वायरिंग

जुना हार्नेस (गाडीभरच्या वायरींचा जुडगा) तुकड्या-तुकड्यांनी जोडत बसू नका. कडक झालेलं वेष्टन एका जागी फुटलं म्हणजे सगळीकडे फुटणार. मूळ रंगांप्रमाणे नवा हार्नेस ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बांधून घ्या, आणि त्यात तीन गोष्टी वाढवा: बॅटरीजवळ मेन फ्यूज, बॅटरी तोडायचा खटका, आणि हेडलाइटला रिले. अर्थिंगच्या जागा चमकेपर्यंत घासा. अर्धे विजेचे दोष तिथेच असतात. डेल्कोत (डिस्ट्रिब्युटरमध्ये) नवा पॉइंट आणि कंडेन्सर, गॅप ०.४ ते ०.५ मिमीच्या दरम्यान मॅन्युअलप्रमाणे, फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

रंग

मूळ रंग शोधायला डॅशबोर्डखाली, डिकीच्या आत आणि दाराच्या रबराखाली पाहा. ऊन न लागलेली खरी छटा तिथे असते. रंग बदलायचा असेल तर आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी लागते. मी तरी मूळचाच ठेवीन.

हार्डनर घालायचा टू-के रंग घरी फवारू नका. त्यातल्या आयसोसायनेटने दम्यासारखा कायमचा त्रास होऊ शकतो आणि साध्या मास्कने तो अडत नाही. घासणं, लांबी, सरफेसर समतल करणं हे सगळं घरी करा, फवारणी बूथमध्ये. नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या, मध्यम उन्हात रंग छान बसतो. उन्हाळ्यात थिनर हवेतच उडून संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो, पावसाळ्यात ओलीने पांढुरकी झाक. आधी इंजिनची जागा आणि दारांच्या आतल्या कडा, मग बाहेर.

आतलं काम आणि जोडणी

सीटच्या स्प्रिंगा तपासा, काथ्या आणि कापूस नवा भरा. हे काम करणारे कारागीर गावात भरपूर आहेत. पुढची काच बसवताना रबराच्या आतल्या खाचेत सुतळी फिरवून टोकं आत ठेवायची, काच बाहेरून टेकवायची आणि एकाने दाबताना दुसऱ्याने आतून सुतळी ओढत जायची. रबराची कड आपोआप आत वळते. क्रोमवर बारीक डाग असतील तर मूळ बंपरच ठेवा.

पहिली फेरी

इंजिन बसवल्यावर प्लग काढूनच सेल्फने फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावून सुरू करा. तेल २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०, महागडं पातळ सिंथेटिक नको. हाताशी अग्निशामक असू द्या, आणि एक माणूस फक्त गळती पाहायला.

पहिल्या दिवशी गल्लीतच, ब्रेकसाठी. विमा आणि पीयूसी झाल्यावर पहाटे होटगी रोडवर थोडं अंतर. परत आल्यावर चारही चाकांच्या मध्यभागी हात जवळ नेऊन पाहा. एखादं जास्त गरम असेल तर तिथे ब्रेक धरतोय. ५० किमीनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा. मग तुळजापूर. साधारण ४५ किमी आणि शेवटी घाट, म्हणून कूलिंग, क्लच आणि उतरताना ब्रेक, तिन्हींची तपासणी एकाच फेरीत होते. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची नाही; ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये उतरवायची.

नंतरचं थोडक्यात. उघडून पुन्हा बांधलेल्या इंजिनचं पहिलं तेल ५०० किमीला बदला. गाडी आठवड्यातून एकदा नुसती सुरू करून बंद करू नका, त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. पंधरा दिवसांनी का होईना, दहा-पंधरा किमी फिरवून आणा. महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत ओल धरायला जागा उरत नाही, आणि बॅटरीचा खटका बंद करा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी चालली असो वा नसो.